कल्याणचे नाव असलेली ग्रीक पोथी

प्रश्न : आमच्या गटावर सध्या एक संदेश फिरतो आहे. व्हॅटिकनमध्ये हजार वर्षांहून जुने, रंगीत चित्रांचे ग्रीक बायबल आहे आणि त्यात आपल्या कल्याणचे नाव आहे, इतकेच नव्हे तर कल्याणला तेव्हा बिशप होता असेही लिहिले आहे, असा तो मजकूर. सोबत एका पानाचा फोटो आहे. त्यात गोल झाकणाच्या पेटीसारखे काहीतरी काढले आहे. यात खरे किती? आणि तो बिशप म्हणजे वसईकडच्या ख्रिस्ती लोकांचा पूर्वज समजायचा का? शिवाय, पेटीचे चित्र बायबलमध्ये कशाला?
— एक वाचक, हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)

उत्तर : संदेशातली पहिली गोष्ट चूक, शेवटची बरोबर. ते बायबल नाही. कल्याणचे नाव मात्र त्यात खरोखरच आहे, आणि बिशपही आहे. असे अर्धे खरे संदेश पूर्ण खोट्यांपेक्षा जास्त त्रास देतात, कारण त्यांना नुसते 'खोटे' म्हणून पुसून टाकता येत नाही.

ग्रंथाचे नाव मराठीत 'ख्रिस्ती भूवर्णन' असे घेऊ. तो इ. स. ५५०च्या आसपास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात ग्रीक भाषेत लिहिला गेला. लिहिणारा मूळचा व्यापारी. तांबड्या समुद्राच्या आफ्रिकेकडच्या काठावर अदुलिस नावाचे मोठे बंदर होते. तिथे तो ५२०-२५च्या सुमारास होता आणि एका जुन्या दगडी सिंहासनावरचा लेख त्याने उतरवून घेतला. तो दगड आज नाही, लेख मात्र याच्या पुस्तकामुळे टिकला. पुढे लोक या माणसाला 'कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस', म्हणजे हिंदुस्थानची सफर केलेला कॉस्मस, असे ओळखू लागले. तो हिंदुस्थानच्या किनाऱ्याला खरेच लागला होता का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख फोटियस याने हे पुस्तक वाचले, तेव्हा त्याच्या प्रतीवर लेखकाचे नावही नव्हते. भाषा सामान्य, गोष्टी भाकडकथेच्या जवळ जाणाऱ्या, असा शेरा मारून फोटियस पुढे गेला.

आता पेटी. कॉस्मसचा सगळा खटाटोप एका गोष्टीसाठी होता : पृथ्वी गोल नाही हे धर्मग्रंथाच्या आधारे सिद्ध करायचे. त्याच काळात, त्याच अलेक्झांड्रियात योहान फिलोपोनस नावाचा विद्वान राहत होता. तोही ख्रिस्ती, पण विश्व गोल मानणारा. ग्रीक ज्योतिष्यांनी पृथ्वीचा गोल शेकडो वर्षांपूर्वीच मान्य केला होता. (आपल्याकडे आर्यभटाने ४९९ साली त्याच मताचे गणित मांडून ठेवले होते.) कॉस्मसला हे सारे परधर्मीयांचे थोतांड वाटे. बायबलच्या जुन्या करारात, निर्गमच्या पुस्तकात, मोशेने वाळवंटात उभारलेल्या निवासमंडपाचे मापासकट वर्णन येते. तो मंडप म्हणजे देवाने दाखवलेला विश्वाचा नमुना, असे कॉस्मसने धरले. मंडपात भाकरी ठेवण्याचे मेज दोन हात लांब आणि एक हात रुंद, म्हणून पृथ्वीही पूर्व-पश्चिम जितकी लांब त्याच्या निम्मी दक्षिणोत्तर. चारी बाजूंनी भिंती, वर कमानदार छत, मधे आडवा पडदा : खाली माणसांचे जग, वर स्वर्ग. तुमच्या फोटोतले चित्र ते हेच. आजीच्या माजघरातल्या, गोलसर झाकणाच्या लोखंडी ट्रंकेत सूर्य, चंद्र, समुद्र आणि माणसे घालून झाकण लावले की कॉस्मसचे विश्व तयार.

मग रात्र कशी होते? उत्तरेला एक प्रचंड पर्वत आहे, सूर्य त्याच्यामागे जातो तेव्हा आपल्याकडे अंधार, असे त्याचे उत्तर. मेरूची कल्पना ज्यांच्या कानावरून गेली आहे त्यांना हे फारसे परके वाटणार नाही. पृथ्वी गोल मानणाऱ्यांची टर उडवायला त्याने एक चित्रही दिले आहे : छोटासा गोळा आणि त्यावर चारी दिशांना पाय टेकून उभी असलेली चार माणसे. एकाचे डोके वर, दुसऱ्याचे थेट खाली. पाऊस या खालच्याच्या अंगावर कसा पडणार, हा त्याचा सवाल. आपण त्याला हसतो, पण गुरुत्वाकर्षण ठाऊक नसताना हा सवाल बिनतोड होता, हेही मान्य केले पाहिजे.

तेव्हा संदेश लिहिणाऱ्याने 'बायबल' म्हटले ते अगदीच हवेतून आलेले नाही. या ग्रंथात बायबलचे उतारेच्या उतारे आहेत आणि त्यांच्यावर भाष्य आहे. मोशे, अब्राहाम, संदेष्टे, प्रेषित पौल एकामागून एक येतात. प्रत्येकाचे वचन, त्याचा कॉस्मसने लावलेला अर्थ आणि बहुतेक ठिकाणी चित्र. ही चित्रे मागाहून कोणी हौसेने घातलेली नाहीत. लेखक मजकुरातच आकृतीकडे बोट दाखवतो, म्हणजे त्याच्या मूळ प्रतीतही ती असणार. काही ठिकाणी 'मूळ' आणि 'टीप' असे वेगळे मथळे आहेत. त्याने आधी पाच प्रकरणे लिहिली. वाचणाऱ्यांनी शंका काढल्या, म्हणून उत्तरादाखल आणखी लिहीत गेला आणि एकूण बारा झाली. प्रश्नांना उत्तरे देता देता पुस्तक फुगते, हा अनुभव सदर लिहिणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल.

दहावे प्रकरण तर सबंध दुसऱ्यांच्या वचनांचे आहे. अथनासियस, क्रिसोस्तोम अशा आधीच्या धर्माचार्यांचे उतारे, प्रत्येकाच्या नावानिशी. त्या काळच्या ग्रीक ख्रिस्ती जगात ही रीतच पडली होती. पानाच्या मधोमध धर्मग्रंथाचे वचन ठळक लिहायचे आणि वर, खाली, बाजूला बारीक अक्षरात निरनिराळ्या भाष्यकारांचे उतारे एकाला एक जोडत जायचे. अशा साखळी-भाष्यांची सुरुवात साधारण ५००च्या सुमारास गाझा शहराच्या प्रोकोपियसने केली, असे मानले जाते. आपल्या संस्कृत हस्तलिखितांत त्रिपाठ आणि पंचपाठ पोथ्या असतात, त्यांचा ज्यांना सराव आहे त्यांना हे पान लगेच कळेल : त्रिपाठात मूळ श्लोक मधे आणि टीका वर-खाली, पंचपाठात दोन्ही समासांतही टीका. फरक इतकाच की आपल्या त्रिपाठात बहुधा एकाच टीकाकाराची टीका असते, तर ग्रीक साखळीत दहा-वीस जण एका पानावर दाटीवाटीने बसलेले सापडतात. त्यात ज्यांचे ग्रंथ पुढे पाखंडी ठरवून नष्ट केले गेले असेही काही असतात. ओरिजेन या मोठ्या भाष्यकाराचा पुढे धर्मसभेने निषेध केला, त्याचे बरेचसे लेखन गेले, पण अशा समासांतून त्याचे तुकडे वाचले.

समासात वाचणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण आपले कल्याणच आहे.

ते नाव कॉस्मसच्या ग्रंथात दोन प्रकरणांत येते. पहिल्यांदा तिसऱ्या प्रकरणात. ख्रिस्ताचा धर्म पृथ्वीच्या टोकापर्यंत पोहोचला हे दाखवताना तो ठिकाणांची यादी देतो. श्रीलंकेत ख्रिस्ती लोकांचे देऊळ आहे. 'माले', म्हणजे मलबार, जिथे मिरी पिकते, तिथेही आहे. आणि 'कल्लिआना' नावाच्या ठिकाणी तर बिशप आहे आणि त्याची नेमणूक पर्शियातून, म्हणजे इराणातून होते. दुसऱ्यांदा ते अकराव्या प्रकरणात येते आणि तिथे धर्माचा संबंध नाही, निव्वळ बाजार आहे. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरची नामांकित बंदरे तो क्रमाने सांगतो : सिंधू, ओर्होथा, कल्लिआना, सिबोर आणि मग मालेची पाच बंदरे. कल्लिआनाहून तांबे, शिसवीचे ओंडके आणि वस्त्रांसाठीचे कापड बाहेर जाते, तीही मोठी पेठ आहे, असे तो म्हणतो.

हे आपलेच कल्याण कशावरून? काहींनी उडुपीजवळच्या कल्याणपूरचे नाव पुढे केले आहे. पण अकराव्या प्रकरणातला क्रम पाहा : सिंधपासून निघून दक्षिणेला मलबारकडे जाणारी ओळ आहे आणि कल्लिआना मलबारच्या बरेच आधी येते. सिबोर म्हणजे चौल, असे बहुतेक धरतात. चौलच्या अलीकडचे आणि सिंधच्या पलीकडचे मोठे बंदर म्हटले की उल्हास खाडीवरचे कल्याणच समोर येते. त्याआधी पाचशे वर्षे लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेतही कल्याण आहे. तिथे तक्रार अशी की पूर्वी इथे रीतसर व्यापार चाले, पण नव्या राजाने तो अडवला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी पुन्हा पुन्हा भेटतात. त्यामुळे बंदर आपले, याबद्दल मला शंका नाही. बिशपाचे कल्याणही हेच, असे मानणाऱ्यांत मी आहे. एकाच लेखकाने एकच नाव दोन वेगवेगळ्या गावांसाठी, काही खुलासा न करता वापरावे, हे मनाला पटत नाही.

कापड कुठून येत असेल, हे बदलापूरच्या माणसाला सांगायला नको. देशावरचा माल नाणेघाटाने किंवा बोरघाटाने खाली उतरायचा आणि तुमच्या दारावरून वाहणाऱ्या उल्हास नदीचेच खोरे धरून बंदराला लागायचा. तांबे हा मात्र कोड्याचा भाग. या भागात तांब्याच्या खाणी नाहीत, म्हणजे ते कुठून तरी आत येऊन पुन्हा बाहेर जात असणार. कल्याण नुसते निर्यातीचे नव्हे, तर मालाच्या हातबदलीचे ठिकाण होते, असा माझा त्यावरून तर्क.

आता मला सर्वांत रंजक वाटणारी गोष्ट. कॉस्मस आपल्या गुरूचे नाव घेतो : पॅट्रिकियस. हा पूर्वेकडून, खाल्डियाच्या प्रदेशातून अलेक्झांड्रियाला आलेला विद्वान. सिरियाक भाषेत त्याला मार अबा म्हणतात. विश्व म्हणजे दोन मजली पेटी, ही शिकवण याच्याकडून आपल्याला मिळाली, असे कॉस्मस कृतज्ञतेने सांगतो. हाच मार अबा पुढे ५४० ते ५५२ या काळात पर्शियातल्या ख्रिस्ती समाजाचा प्रमुख होता. त्याचे पीठ आजच्या बगदादजवळ, सेल्युकिया-तेसिफोन इथे होते. म्हणजे कॉस्मस अलेक्झांड्रियात बसून 'कल्लिआनाचा बिशप पर्शियातून नेमला जातो' असे लिहीत होता, तेव्हा त्या नेमणुका ज्या पीठाकडून होत त्यावर त्याचा गुरूच बसलेला होता! कल्याणची बातमी त्याला बंदरावरच्या गप्पांतून कळली की गुरूच्या शिष्यवर्गातून, हे तो सांगत नाही. पण त्याच्या हाताशी किती जवळचा धागा होता, ते यावरून दिसते. आकाशाचा चुकीचा नकाशा आणि कल्याणची बरोबर बातमी, दोन्ही बहुधा एकाच घरातून आली.

आणि दुसरी टिकली ती पहिलीच्या आधाराने. मठांतल्या लेखनिकांना तांब्याच्या निर्यातीत काय रस असणार? त्यांनी चामड्याची पाने तयार केली, रंग घोटले, शेकडो ओळी पुन्हा पुन्हा उतरवल्या त्या निवासमंडपासाठी, संदेष्ट्यांसाठी, पौलाच्या धर्मांतराच्या चित्रासाठी. कल्याण त्यात आयते प्रवास करत आले. नुसती व्यापाऱ्याची वही असती तर ती अलेक्झांड्रियातच कुजली असती.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. वसईच्या आजच्या कॅथलिक समाजाचा धर्म सोळाव्या शतकात, १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेल्यानंतरचा, आणि रोमशी जोडलेला. कल्याणचा बिशप त्याच्या हजार वर्षे आधीचा, आणि रोमचा नव्हे तर पर्शियाच्या चर्चचा. इराणी आखातातून येणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर त्या चर्चचे लोक आले असावेत. स्थानिक लोक त्यांच्यात किती मिसळले, याचा उल्लेख कॉस्मस करत नाही. पण ते लगेच नाहीसे झाले नाहीत. १३२१ साली युरोपातून आलेले फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात उतरले, तेव्हा ते पूर्वेच्या याच पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिले होते. त्या साधूंना पुढे ठाण्यातच ठार मारले गेले. नंतर आलेला प्रवासी ओडोरिक ठाण्यात अशी पंधरा घरे होती असे सांगतो. कॉस्मसपासून तोवर जवळजवळ आठशे वर्षे गेलेली. त्या पंधरा घरांचे पुढे काय झाले, त्यावर एखाद्या ठाणेकराने कादंबरी लिहावी.

व्हॅटिकनची प्रत, जिच्यावरून तुमचा संदेश निघाला, ती नवव्या शतकातली. मोठ्या, सुट्या ग्रीक अक्षरांत लिहिलेली आणि चित्रांच्या दर्जात सर्वांत सरस. तिच्यात पौलाच्या धर्मांतराचे पानभर चित्र आहे : आकाशातून प्रकाश पडतो, पौल जमिनीवर कोसळतो, मग उठतो, चालतो. एकाच पानावर गोष्टीचे सगळे टप्पे. आपल्या चित्रकथीच्या कागदांत आणि लेण्यांतल्या जातककथांत हीच युक्ती दिसते. याशिवाय अकराव्या शतकातल्या दोन सचित्र प्रती आहेत, एक सिनाई पर्वतावरच्या सेंट कॅथरिन मठात आणि एक फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात. अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२, म्हणजे १०६०, असा लेख आहे. तुमच्या शेजारी ते दगड घडत होते त्याच शतकात तिकडे कोणीतरी कल्याणचे नाव शाईने गिरवत होता.

हिंदुस्थानबद्दलची खरी मजा अकराव्या प्रकरणात आहे, आणि मला विचाराल तर पेटीपेक्षा तेच जास्त वाचण्यासारखे. गेंडा, रेडा, जिराफ, याक, कस्तुरीमृग, मिरीचा वेल, नारळ. प्रत्येकावर चार-दोन ओळी आणि चित्र. मिरी दुसऱ्या झाडावर चढते हे त्याला ठाऊक आहे. नारळातले पाणी कोवळेपणी गोड असते आणि ठेवले तर आत घट्ट होत जाते, हेही. सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तो काय पाहिले आणि काय नाही ते वेगळे सांगतो. पाणघोडा मी पाहिला नाही, पण त्याचे मोठाले दात माझ्याकडे होते आणि ते मी विकले. एकशिंगी घोडा पाहिला नाही, पण इथिओपियाच्या राजाच्या वाड्यावर त्याचे पितळी पुतळे पाहिले आणि त्यावरून चित्र काढले. विश्वाच्या आकाराबद्दल इतका ठाम असलेला माणूस पाणघोड्याच्या बाबतीत इतका सावध! बाजारात वावरलेल्या माणसाला दाताचा खरेखोटेपणा कळतो. आकाशाच्या बाबतीत त्याच्या हाती फक्त मेजाचे माप होते.

हा ग्रंथ छापून आला तो मोंफोकों या फ्रेंच पंडिताच्या खटपटीने, अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पॅरिसला. इंग्रजी भाषांतर मॅक्रिंडल यांचे, १८९७ सालचे. त्याचा हक्काचा काळ संपला असल्याने ते फुकट वाचता येते. मॅक्रिंडल बिहारमध्ये शिक्षणखात्यात होते आणि ग्रीकांनी हिंदुस्थानाबद्दल लिहिलेले बरेच काही त्यांनी एकट्याने इंग्रजीत आणले. मराठीत या ग्रंथाचे सबंध भाषांतर व्हावे. निदान तिसऱ्या आणि अकराव्या प्रकरणाचे तरी. ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात रस असलेल्या एखाद्या संस्थेने मनावर घेतले तर शंभर पानांत बसेल.

व्हॅटिकनची पोथी पाहायला रोमला जायला नको. तिथल्या ग्रंथालयाने आपली ग्रीक हस्तलिखिते संकेतस्थळावर ठेवली आहेत. ग्रीक विभागातला क्रमांक ६९९ घालून शोधा. लोकलमध्ये फोनवर पाहू नका, पाने मोठी आहेत आणि रंगांचे बारकावे छोट्या पडद्यावर दिसत नाहीत. पेटी आणि गोळ्यावरची चार माणसे शोधायला फार वेळ लागणार नाही. कल्याणचे नाव हवे असेल तर तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटाकडे जा. तिथे चित्र नाही, नुसत्या ओळी आहेत. ग्रीक अक्षरे येत नसली तरी कप्पा, आल्फा, लांब्डा एवढी तीन शिकून घ्या. लांब्डा दोनदा येतो. आणि संदेश पुढे पाठवायचाच असेल, तर 'बायबल' हा शब्द तेवढा काढून पाठवा.